उघडा पत्रा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, फौंड्री आणि लेथच्या कारखान्यांच्या गल्लीत, जुन्या गाड्यांचं पत्र्याचं काम करणारी एक शेड आहे. बाहेर पाटी नाही. ज्याला हवी असते तो विचारत विचारत येतो. गेल्या दसऱ्यानंतर तिथे रत्नागिरीहून एक प्रीमियर पद्मिनी आली. आंबा घाट तिने टेम्पोवर बसून चढला. इंजिन चालू स्थितीत होतं, पण मालकांनी, म्हणजे दवाखाना आता मुलावर सोपवलेल्या एका डॉक्टरांनी, ती चालवत आणली नाही. पुढच्या सीटखालची मॅट उचलली की फ्लोअरमधून खालची जमीन दिसत होती.

बाहेरून मात्र गाडी देखणी होती. काही वर्षांपूर्वीच तिला गडद निळा रंग दिलेला, बंपर चकचकीत. फ्लोअरला दोन ठिगळं मारली की काम भागेल, असा डॉक्टरांचा अंदाज होता. शेडमधले मिस्त्री साठीच्या पुढचे. सगळे त्यांना मामा म्हणतात. ट्रकच्या बॉड्या बांधण्यापासून सुरुवात करून ते या कामाकडे वळले. त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि मागच्या चाकाच्या कमानीवरून फिरवलं. चुंबक धरेना. मग दाराखाली फिरवलं. तिथेही हातभर लांबीत ते कुठे धरायचं, कुठे गळून पडायचं.

“साहेब, रंगाचं ऱ्हाऊ दे,” मामा म्हणाले. “आधी गाडीत पत्रा कुठं कुठं शिल्लक हाय ते हुडकूया.”

मग त्यांनी बोटाच्या पेराने ठोकायला सुरुवात केली, बाजारात मडकं वाजवून घेतात तसं. धड पत्रा खणखणीत बोलतो, पुट्टी बद्द वाजते. दाराखालच्या पोकळ पेटीवर, जिला गॅरेजमध्ये रनिंग बोर्ड म्हणतात, त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून हलकेच दाबलं. ते मुठीपर्यंत आत गेलं. डॉक्टर काहीच बोलले नाहीत. मामांनी एवढंच सांगितलं, “गाडी पुरी सोलावी लागंल.”

जुन्या गाड्यांच्या पुनरुज्जीवनाविषयी आपल्याकडे लिहिलं-बोललं जातं ते इंजिनाविषयी, क्रोमविषयी, मूळ रंगाची छटा शोधण्याविषयी. हौशी मंडळींच्या मेळाव्यात गर्दी होते ती झळाळणाऱ्या गाडीभोवती. पण गाडी पुढची वीस वर्षं टिकणार की तीन पावसाळ्यांत पुन्हा फुगणार, याचा निकाल त्याच्या कितीतरी आधी लागलेला असतो. तिच्या अंगावर रंगाचा कणही नसतो आणि पत्रा हवेला उघडा पडलेला असतो, त्या दिवसांत. हे काम फोटोत दिसत नाही, म्हणून त्याचे पैसे द्यायला माणसं कां-कू करतात. माझ्या मते संपूर्ण पुनर्बांधणीत सर्वांत जास्त कौशल्य आणि सर्वांत जास्त प्रामाणिकपणा इथेच लागतो.

पद्मिनीचा वंश इटलीचा. फियाटने १९५३ साली जीनिव्हाच्या प्रदर्शनात ११००-१०३ हे मॉडेल मांडलं, तिथून हे घराणं सुरू होतं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या गाड्या बनवू लागली. सुरुवातीच्या फुगीर अंगाच्या मॉडेलला मराठी माणसाने ‘डुक्कर फियाट’ म्हटलं, आणि तेही मायेने. १९६४ साली ११०० डी आली, तीच १९७४ पासून पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, आणि नंबर लागायला वर्षानुवर्षांची प्रतीक्षा. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं रूप म्हणजे हीच गाडी. तिथे टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ची. वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही रस्त्यावरून उतरली. आता ज्या उरल्या त्या घराघरांतल्या.

या गाडीचा पत्रा इतका महत्त्वाचा का, ते तिच्या बांधणीत आहे. ट्रकला किंवा जुन्या जीपला खाली चॅसीची जाड चौकट असते, बॉडी तिच्यावर नुसती बसवलेली. बॉडी सडली तरी चौकट ओझं पेलते. पद्मिनी मोनोकॉक आहे. तिला अशी वेगळी चौकट नाही. फ्लोअर, रनिंग बोर्ड, दारांचे पिलर, पुढचे अप्रन, टप हे सगळे जेमतेम मिलिमीटरभर जाडीचे पत्रे घडी घालून, एकमेकांना स्पॉट वेल्डने जोडून एक पेटी बनते आणि ती पेटीच सगळा भार वाहते. त्यामुळे रनिंग बोर्ड सडलं की गाडी मधोमध वाकायला लागते. दार लावताना वर उचलून लावावं लागतं, आणि मालक बिजागरी बदलत बसतो.

रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि डॉक्टरांचं घर समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पण मामांच्या म्हणण्याप्रमाणे गाडी पावसाने सडत नाही. “पाऊस वरनं वाहून जातोय की. आत शिरून बसतंय ते पाणी खातंय.” केंब्रिजचे शास्त्रज्ञ यू. आर. इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात एका साध्या प्रयोगातून हीच गोष्ट दाखवली होती. स्वच्छ पोलादाच्या पट्टीवर खारट पाण्याचा एक थेंब ठेवायचा. वाटतं, थेंबाच्या कडेला हवा जास्त मिळते तर तिथे पत्रा जास्त खाल्ला जाईल. घडतं उलट. कडेला प्राणवायू मुबलक असतो, मध्यभागी कमी. या फरकातून त्या इवल्या थेंबात विजेचा प्रवाह सुरू होतो, लोखंड विरघळतं ते मध्यभागी, आणि गंजाचं कडं तयार होतं मधल्या पट्ट्यात.

गाडीतला प्रत्येक जोड म्हणजे असाच एक थेंब. दोन पत्रे एकावर एक ठेवून स्पॉट वेल्ड मारलेला असतो, त्यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत पाणी केशाकर्षणाने खेचलं जातं, तिथे हवा कमी, आणि कोकणात त्या पाण्यात मीठही. मीठ पाण्याची वीजवाहकता वाढवतं आणि लोखंडावरचा बारीकसा संरक्षक थर फोडतं. शिवाय मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसतानाही ती फट ओलीच राहते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो जोड फाकवतो, आणखी पाणी येतं. हे सगळं आतून चाललेलं असतं. बाहेर रंगावर पहिला बारीक फोड दिसतो, तेव्हा पत्र्याची आतली बाजू कधीच गेलेली असते. त्या फोडावर घासून, पुट्टी भरून रंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात. पॉलिस्टर पुट्टी स्वतः ओल शोषते; उघड्या पत्र्यावर जाड थापली की ती पाणी धरून ठेवते आणि खालचं काम जोमाने सुरू राहतं. डॉक्टरांच्या गाडीत नेमकं हेच घडलं होतं.

गाडी खोलायला बरेच दिवस गेले. इंजिन, काचा, वायरिंग, सीट, टाकी, मॅटखालचा कुजलेला नमदा. प्रत्येक बोल्ट पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, आणि काढण्याआधी फोटो. मग सगळ्यात महत्त्वाची पायरी: काहीही कापण्याआधी दारांच्या चौकटीत लोखंडी अँगलचे आडवे-तिरपे टेकू वेल्ड केले. रनिंग बोर्ड कापल्यावर बॉडी खचली, तर नवीन पत्रा खचलेल्या मापावरच बसतो आणि ती गाडी पुन्हा कधी सरळ होत नाही. टेकू लावून, दारं एकदा लावून-उघडून, फटी मोजून मग बॉडी एका फिरत्या सांगाड्यावर चढवली. पुढून-मागून धरून ती आडवी करता येते. त्यामुळे फ्लोअरखालचं काम उताणं झोपून, डोळ्यांत कचरा घेत करावं लागत नाही.

आणखी एक काळजी आधी घेतली. मोनोकॉक गाडीत चॅसी नंबर बॉडीच्या पत्र्यावरच ठोकलेला असतो. तो घासला गेला तर गाडी कागदोपत्री मेली. आरटीओत पुन्हा नोंदणी करताना त्या नंबरची पेन्सिलने छाप घेतात. मामांनी त्यावर पत्र्याचा तुकडा ठेवून चारी बाजूंनी जाड टेप लावला, आणि त्या पट्ट्याला कुणी हात लावायचा नाही अशी ताकीद पोरांना दिली. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. त्यांत गाडी मूळ रूपात असावी, चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार नसावा अशी अट आहे. डॉक्टरांची गाडी पन्नाशीला टेकलेली, त्यामुळे नवीन घातलेला प्रत्येक तुकडा मूळ आकाराबरहुकूम हवा, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं.

रंग काढायचे मार्ग अनेक आहेत आणि प्रत्येकाची किंमत वेगळी. टप, बॉनेट, डिकी, दारं या सपाट भागांवर मामा अजूनही रिमूव्हर वापरतात. ब्रशने जाड थर द्यायचा, वर प्लास्टिक पसरायचं, आणि थोड्या वेळाने रंग सुरकुतून उठला की पत्रीने खरवडायचा. निळ्याखाली पांढरा निघाला, त्याखाली हिरवट, मध्ये पुट्टीचे थर, आणि सगळ्यात तळाशी कारखान्याचा हस्तिदंती. डॉक्टरांनी तो ओळखला. लहानपणी ते याच रंगाच्या गाडीत बसून गणपतीपुळ्याला गेले होते.

पण रिमूव्हर हा विषारी पदार्थ आहे. जुन्या पद्धतीच्या रिमूव्हरमधलं डायक्लोरोमिथेन चाळीस अंशांच्या आसपासच उकळतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचून राहते, आणि शरीरात गेल्यावर त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अमेरिकेने २०१९ साली घरगुती वापरासाठी अशा रिमूव्हरच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे डबा रंगाच्या दुकानात सहज मिळतो आणि बंद शेडमध्ये उघड्या हातांनी वापरला जातो. मामांच्या शेडमध्ये ते काम अंगणात, वाऱ्याच्या बाजूला, जाड हातमोजे घालूनच होतं. आणि रिमूव्हर लावलेला भाग पूर्ण धुऊन सुकल्याशिवाय वेल्डिंगची टॉर्च जवळ आणायची नाही, हा नियम आहे. क्लोरीनयुक्त वाफ ज्वाळेत सापडली की फॉस्जिनसारखा वायू तयार होतो. जुन्या रंगात शिसंही असतं. एके काळी लोखंडाला गंजापासून वाचवण्यासाठी शेंदूर, म्हणजे शिशाचंच एक ऑक्साइड, लावायची पद्धत जगभर होती. घराच्या रंगातलं शिसं दर दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारे नियम आपल्याकडे २०१६चे आहेत; सत्तरच्या दशकातल्या गाडीवरचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणून कोरडं घासायचं नाही, ओलं घासायचं, आणि धूळ झाडूने उडवायची नाही.

जोडांजवळ मात्र रिमूव्हर नेत नाहीत. तो फटीत शिरतो आणि महिन्यांनी नव्या रंगाखालून वर येतो. हीच अडचण तेजाबाच्या टाकीची. परदेशात अख्खी बॉडी आधी कॉस्टिकच्या आणि मग आम्लाच्या टाकीत बुडवून एका दमात कोरी करतात. निघते ती गाडी पाहण्यासारखी असते, पण दुमडींमध्ये शोषलेलं आम्ल पूर्ण निष्प्रभ झालं नाही तर वर्षभरात प्रत्येक जोडाच्या ओळीने गंज उभा राहतो. शिवाय आम्लाने बंद पोकळ्यांच्या आतलाही रंग जातो, आणि तिथे पुन्हा रंग पोहोचवण्याची सोय सगळ्यांकडे नसते.

उरतं ब्लास्टिंग. कोल्हापूरकराला ही गोष्ट नवी नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्र्यांमधून निघणारं कास्टिंग शॉट ब्लास्टिंगनेच साफ होतं. अडचण इथेच येते. इंजिन ब्लॉकच्या जाड बिडाला जो मारा लागतो, तो गाडीच्या पत्र्याला दिला तर पत्रा लाटांसारखा वळतो. बहुतेकांना वाटतं की घर्षणाच्या उष्णतेने वळतो. खरं कारण असं की प्रत्येक दाणा पृष्ठभागावर सूक्ष्म हातोडीसारखा पडून तो ताणतो. एक बाजू पसरते, दुसरी तशीच राहते, म्हणून पत्रा कमानीसारखा उचलला जातो. जनरल मोटर्सचे जॉन आल्मेन यांनी १९४०च्या दशकात याच वळण्यावरून माऱ्याचं माप काढण्याची पट्टी बनवली, आणि ती आजही वापरात आहे. तेव्हा दरवाजाच्या बाहेरच्या पत्र्यावर, बॉनेटवर, टपावर हा मारा करायचाच नाही. फ्लोअर, अप्रन, चाकाच्या कमानींची आतली बाजू, पिलरचे कोपरे, म्हणजे जिथे पत्र्याला घड्या आणि ताकद आहे, तिथे करायचा, बारीक गार्नेटच्या दाण्याने, कमी दाबावर, तिरका.

नाजूक पृष्ठभागासाठी खाण्याच्या सोड्याचा मारा हाही पर्याय आहे. १९८०च्या दशकात न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची दुरुस्ती झाली, तेव्हा आतल्या तांब्यावरचं डांबर सोड्यानेच काढलं होतं. पत्रा त्याने वळत नाही, पण सोडा गंज काढत नाही, आणि त्याची भुकटी नीट धुतली नाही तर वरचा प्रायमर पकड घेत नाही.

नदीच्या वाळूचं ब्लास्टिंग मात्र करूच नये. वाळूचा दाणा फुटला की सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ होते आणि ती फुप्फुसात रुतून सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. ब्रिटनने कास्टिंग साफ करायला वाळू वापरण्यावर १९४९च्या नियमांनी बंदी आणली. आपल्या १९४८च्या कारखाने कायद्यातही सिलिकोसिस हा कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांत होता. तरीही स्वस्त पडतं म्हणून लहान शेडमधून वाळू उडत असते. धुळीच्या कामावर गुळाचा खडा खायचा ही आपल्या कामगारांची जुनी रीत. कोल्हापुरात तर गुळाला तोटा नाही. पण गूळ हा मास्कला आणि बाहेरून हवा पुरवणाऱ्या टोपाला पर्याय नाही. गाडीवर लाखो रुपये खर्च करणाऱ्या मालकाने ब्लास्टिंगवाल्याच्या तोंडावर काय आहे, ते एकदा जाऊन बघावं, असं मला मनापासून वाटतं.

बिजागऱ्या, ब्रॅकेट, कड्या, क्लॅम्प असल्या बारीक गोष्टींसाठी शेडच्या मागे एक प्लास्टिकचं पिंप आहे. त्यात एक भाग मळी, साखर कारखान्यातली, आणि नऊ-दहा भाग पाणी. वास असह्य. पण आठवडा-दोन आठवडे त्यात बुडालेली बिजागरी बाहेर येते ती राखाडी, स्वच्छ. मळीतले घटक गंजातलं लोखंड धरून द्रावणात ओढून घेतात आणि खालच्या धड पोलादाला फारसा धक्का लागत नाही. जगभरचे हौशी दुरुस्तीवाले ही युक्ती वापरतात. ऊसपट्ट्यात तिचा कच्चा माल हाताशी आहे, एवढाच फरक.

ब्लास्टिंगचा दिवस मामांनी हवा बघून ठरवला. ओलसर हवेत उघडं पोलाद टिकत नाही. आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की गंजाचा वेग झपाट्याने वाढतो, आणि मीठ असेल तर त्याहूनही आधी. जुलैत हे काम करणं म्हणजे सकाळी साफ केलेला पत्रा दुपारी पिवळा झालेला बघणं. म्हणून दसरा ते होळी हाच त्यांचा हंगाम. सकाळी बॉडी शिरोलीला गेली, दुपारी बंद टेम्पोतून परत आली. मी पहिल्यांदाच अख्ख्या गाडीचा कोरा पत्रा पाहत होतो. सगळीकडे एकसारखा मंद राखाडी रंग, कुर्ल्याच्या कारखान्यात मारलेल्या स्पॉट वेल्डच्या टिकल्यांच्या ओळी, आणि सडलेल्या जागी जाळी. पुट्टीखाली, रंगाखाली लपलेली प्रत्येक जुनी दुरुस्ती आता उघडी होती. कुणीतरी मागच्या कमानीत जुन्या पत्र्यावरच नवीन पत्रा चिकटवून पितळी डाग दिलेला. दुसऱ्या कुणीतरी फ्लोअरचं भोक तेलाच्या डब्याच्या पत्र्याने बुजवलेलं. डॉक्टरांना व्हिडिओवर दाखवलं तेव्हा ते बराच वेळ एकेक कोपरा बघत राहिले.

एका पोराने उत्साहाने पत्र्यावर हात ठेवला, तसे मामा ओरडले. घामात मीठ असतं; उघड्या पत्र्यावर उमटलेला पंजा दुसऱ्या दिवशी तपकिरी होऊन दिसतो, आणि वर रंग दिला तरी तिथूनच फोड येतो. त्या दिवशी शेडमध्ये सगळ्यांच्या हातांत मोजे होते. दाबाच्या हवेने दाणे झाडले, प्रत्येक फटीत नळी घालून. राहिलेला गार्नेट नंतर ओल धरतो. मग गंजाने पडलेल्या खड्ड्यांकडे लक्ष. ब्लास्टिंगनंतरही त्यांच्या तळाशी काळे ठिपके उरतात. तिथे मामांनी सौम्य फॉस्फरिक आम्ल ब्रशने लावलं, घासलं, आणि पाण्याने धुऊन लगेच गरम हवेने सुकवलं. फॉस्फरिक आम्ल गंज विरघळवतं आणि लोखंडावर फॉस्फेटचा पातळ थर सोडतं. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं टिकला त्यामागेही फॉस्फेटचाच थर आहे. त्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त असल्याने तो आपोआप बनत गेला, हे कानपूर आयआयटीच्या आर. बालसुब्रमण्यम यांच्या संशोधनातून समोर आलं. पण आम्ल धुतलं गेलंच पाहिजे. राहिलं तर वरच्या इपॉक्सीचं हार्डनर नीट काम करत नाही आणि प्रायमर साल निघावी तसा निघतो.

बाजारात ‘गंज काळा करणारं’ म्हणून जे रसायन मिळतं त्यात बहुधा टॅनिक आम्ल असतं. गंजाशी त्याची क्रिया होऊन निळसर काळं, बऱ्यापैकी स्थिर संयुग बनतं. सह्याद्रीतल्या हिरड्यातही भरपूर टॅनिन असतं आणि लोखंडाशी त्याचा असाच काळा रंग होतो. कापड आणि कातडी रंगवणाऱ्यांना ते पूर्वापार ठाऊक आहे. मामा हे रसायन वापरतात, पण हात पोहोचत नाही अशाच जागी. जिथे ब्लास्टिंग पोहोचतं तिथे गंज ठेवून त्याचं रूपांतर करत बसणं त्यांना मान्य नाही, आणि मलाही ते पटतं.

संध्याकाळच्या आत दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर पूर्ण बॉडीवर बसला होता. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या किमान तीन अंश वर असायला हवं, नाहीतर डोळ्यांना न दिसणारा दवाचा थर प्रायमरखाली अडकतो. म्हणून ऊन उतरायच्या आत. इपॉक्सी हवा आणि ओल दोन्ही अडवतो. साधा रेड ऑक्साइड तसा नाही, तो सच्छिद्र असतो. कित्येक गॅरेजांत बॉडीला रेड ऑक्साइड मारून ती महिनोन्‌महिने अंगणात उभी असते आणि मालकाला वाटतं गाडी सुरक्षित आहे.

यानंतर कापाकापी. सडलेला भाग धड पत्रा लागेपर्यंत कापायचा, कापताना मन घट्ट करायचं. वीस गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटरचा सीआरसी पत्रा मापाने कापून, घडी घालून, लाकडी हातोड्याने आकार देऊन रनिंग बोर्डची बाहेरची आणि आतली अशा दोन्ही भिंती बनवल्या. मामांच्या हातचं हे काम बघताना तासन्‌तास निघून जातात. ते पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून ठोकतात, उचलतात, पिलरला लावून बघतात, पुन्हा ठोकतात. मोजपट्टी क्वचितच. पूर्वी गॅस वेल्डिंग करायचे, आता सीओटू. उष्णता कमी पसरते आणि पत्रा ताणला जात नाही. जिथे शक्य तिथे कडेला कड भिडवून वेल्ड. पत्र्यावर पत्रा चढवून मारलेलं ठिगळ लवकर होतं, पण दोहोंच्या मधली फट म्हणजे पुन्हा तोच इव्हान्सचा थेंब.

मूळ रचनेत जिथे दोन पत्रे एकमेकांवर येतातच, तिथे वेल्ड करण्याआधी आतल्या बाजूंना जस्ताचा प्रायमर लावला. जस्त लोखंडापेक्षा आधी स्वतः झिजतं आणि त्याला वाचवतं. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्हीने १८२४ साली जहाजांच्या तळाचं तांबं जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून वाचवता येतं हे दाखवलं, ते याच तत्त्वावर. मोटारउद्योगाला हे अंगी बाणवायला फार वेळ लागला. पोर्शने १९७६च्या मॉडेलपासून ९११ची बॉडी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची केली. त्याच काळात इंग्लंडमध्ये लान्सिया बीटा गाड्या इतक्या सडल्या की १९८० साली कंपनीला मालकांकडून त्या परत विकत घ्याव्या लागल्या. सत्तरच्या दशकात बनलेल्या आपल्या पद्मिनीला जस्ताचा पत्रा मिळालेला नव्हता. आज तिच्या जोडांत ब्रशने जस्त भरणं ही त्याची भरपाई. जस्ताच्या धुराने वेल्डरला थंडी-ताप भरतो, म्हणून पंखा चालू आणि तोंड धुराच्या बाजूला नाही.

वेल्ड घासले, पुन्हा इपॉक्सी. मग प्रत्येक जोडावर सीलर, बोटाने दाबून. पुट्टी आली ती आता, इपॉक्सीच्या वर, नखभर जाडीची. चाकांच्या कमानींत दगडांचा मार सोसणारा लवचीक थर. काळं डांबरी अंडरकोटिंग मामांनी नाकारलं. ते वाळून तडकतं, तड्यातून पाणी शिरतं आणि आत अडकतं; वरून मात्र सगळं काळं आणि शाबूत दिसत राहतं.

आणि शेवटी पोकळ्या. रनिंग बोर्ड, पिलर, दारांचा तळ, डिकीच्या कडा, जिथे रंगाचा पाइप कधीच पोहोचत नाही. चारी बाजूंना फवारा मारणारी बारीक नळी भोकातून आत सरकवून, हळूहळू मागे ओढत तेथे मेण फवारलं. पातळ असताना ते केशाकर्षणाने जोडांत शिरतं. ज्या वाटेने पाणी जायचं त्या वाटेने आता मेण गेलं. दुसऱ्या दिवशी खालच्या भोकांतून थेंब थेंब बाहेर आलेलं दिसलं, तेव्हा मामांचं समाधान झालं.

ती खालची भोकं कंपनीनेच पाणी निचरण्यासाठी ठेवलेली असतात. आधीच्या कुणीतरी ती पुट्टीने बुजवली होती. गाडी सडायचं निम्मं कारण तेच. मामांनी तार घालून एकेक मोकळं केलं, आणि गाडी न्यायला आलेल्या डॉक्टरांना खाली वाकायला लावून सगळी भोकं दाखवली.

“दर वर्षी मृगाच्या आधी ही तार घालून बघायची. माती निघंल, वाळकी पानं निघतील. मॅटखाली हात घालून ओल हाय का बघायची. कोकणातनं समुद्राकडनं आलासा की गोड्या पाण्यानं खालनं धुवायची, आणि दोन-तीन सालानं मेण मारायला हिकडं आणायची. चालवत आणायची, टेम्पोत घालून न्हवं.”

डॉक्टरांनी वहीत लिहून घेतलं. मग रंगाचं विचारलं. हस्तिदंतीच, असं दोघांचंही एकमत होतं.